ट्रेमध्ये काय भरावे? मायक्रोग्रीन्सच्या माध्यमांविषयी वाचकांचे प्रश्न

मायक्रोग्रीन्स म्हणजे ट्रेमध्ये दाट पेरून, पहिली पाने येताच कापून खायची कोवळी रोपे. त्यांच्याविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांत विचारणा एकच आहे: बी पेरायचे कशावर, म्हणजे माध्यम कोणते? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. उत्तरांत जिथे नुसता ‘ट्रे’ असा उल्लेख आहे तिथे 10 बाय 20 इंचांचा, दोन इंच खोल आणि तळाला छिद्रे असलेला ट्रे समजावा. त्याचे क्षेत्र साधारण 1,300 चौरस सेंटिमीटर भरते. दोन सेंटिमीटरचा थर द्यायचा तर त्याला सुमारे अडीच लिटर माध्यम लागते.

कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुस्सा), गांडूळ खत आणि शेतातली माती यांपैकी कशावर उत्पादन जास्त येते? आणि दर्जा कशाचा चांगला? (कराड)

मुळा, मोहरी, मेथी, सूर्यफूल, वाटाणा या पिकांचे पहिले आठ-दहा दिवस बियांतल्या साठ्यावरच निघतात. त्यामुळे तिथे माध्यमाने खायला काय दिले यापेक्षा मुळांना एकाच वेळी पाणी आणि हवा मिळाली का, यावर वजन ठरते. चांगल्या माध्यमाचे एकूण आकारमान शंभर धरले तर पाणी निथळल्यावर त्यात 55 ते 70 भाग पाणी आणि 20 ते 30 भाग हवा राहायला हवी. हवा कमी पडली की मुळे तपकिरी होतात आणि बुरशी शिरते. पाणी कमी पडले की रोप बुटके राहते आणि बीची टरफले पानांना चिकटून बसतात.

कृष्णाकाठची काळी माती उसाला उत्तम, पण ट्रेमध्ये ती चालत नाही. याचे कारण खोली. शेतात पाण्याला खाली जायला दोन-तीन फूट वाट मिळते, ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर. कुठल्याही माध्यमाच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि छिद्रे कितीही पाडली तरी तो गळत नाही. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, ठिबकणे थांबू द्या आणि मग उभा करा. आणखी पाणी गळते. स्पंज तोच, छिद्रे तीच, फक्त उंची बदलली. कण जितके बारीक, तितका हा चिंब थर जाड. काळ्या मातीत तो ट्रेच्या खोलीपेक्षाही जास्त असतो, म्हणजे सगळी मुळे पाण्यात राहतात. वरून ही माती वाळली की तडकते आणि कोवळी मुळे तोडते. शिवाय चुनखडीमुळे तिचा सामू (पीएच) बहुधा 7.5 ते 8.5 असतो. त्या सामूला लोह उपलब्ध होत नाही आणि दहा दिवसांपुढे पाने पिवळी पडतात. महाबळेश्वर-पाटणकडची तांबडी माती थोडी बरी, पण तण, अंड्या-अळ्या आणि कापणीत येणारी माती ही अडचण तिथेही आहेच. मातीचाच आग्रह असेल तर चाळलेल्या तांबड्या मातीचा एक भाग आणि कोकोपीटचे तीन भाग घ्यावेत. त्यापुढे जाऊ नये.

धुतलेले कोकोपीट हे सर्वांत भरवशाचे. ते पाणी धरते, हवाही ठेवते आणि सामू 5.5 ते 6.5 राहतो. त्यात अन्नद्रव्ये मात्र नगण्य असतात. मुळ्याचे 30 ग्रॅम बी दोन सेंटिमीटर कोकोपीटवर टाकले आणि खोलीचे तापमान 20 ते 25 अंश राहिले, तर आठव्या-नवव्या दिवशी ट्रेमागे सुमारे 250 ते 300 ग्रॅम माल धरायला हरकत नाही. मुळ्याच्या या ट्रेमध्ये गांडूळ खत घालून वजनात फारसा फरक पडत नाही, कारण पीक त्याआधीच कापले जाते. लाल माठ, बीट, पालक, कोथिंबीर यांचे गणित वेगळे. ही पिके बारा ते एकवीस दिवस उभी असतात. लाल माठाच्या बारक्या बीत साठा जेमतेम चार-पाच दिवसांचा. इथे तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले गांडूळ खत घातले की वाढ आणि पानांचा आकार दोन्ही उघड सुधारतात.

‘खत जितके जास्त तितके बरे’ असे समजून निम्मे गांडूळ खत घालणारे अनेक आहेत. तसे करू नये. माध्यम गच्च होते, क्षार वाढतात, चिलटांसारख्या बारीक माश्या अंडी घालतात आणि रोपे लांब, मऊ होतात. काट्यावर वजन वाढते, पण ते बरेचसे पाण्याचे असते आणि असा माल डब्यात लवकर काळा पडतो.

दर्जाच्या बाबतीत नायट्रेटकडे (नत्राचा क्षार, खाण्यात जास्त नको असलेला) लक्ष द्यावे. माठ, बीट, पालक, मुळा आणि मोहरी ही कुळे पानांत नायट्रेट साठवतात. नत्रयुक्त माध्यम आणि कमी उजेड एकत्र आले की हा साठा वाढतो. तागाच्या चटईवर किंवा नुसत्या कोकोपीटवर उत्पादन काहीसे कमी आले तरी तिथे नत्रच नसल्याने नायट्रेटही कमी राहते. खत घातलेल्या ट्रेला शेवटचे दोन-तीन दिवस साधेच पाणी द्यावे आणि भरपूर उजेड ठेवावा. लाल माठाचा रंग हाही माध्यमापेक्षा उजेडाचा विषय आहे. रंग फिका म्हणून खत वाढवून काही साधत नाही.

कोकोपीटच्या ट्रेमध्ये ठिगळाठिगळांनी उगवण होते, पानांच्या कडा करपतात. बोअरचे पाणी वापरतो. बी खराब आहे का? (मिरज)

बीकडे नंतर बघू. वर्णनावरून हा क्षारांचा त्रास वाटतो आणि तो दोन बाजूंनी येतो: कोकोपीटमधून आणि पाण्यातून.

कोकोपीट आपल्याकडे तमिळनाडू-केरळातून येते. नारळाची सोडणे खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवलेली असतील तर भुश्शात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर राहते. स्वस्त ब्लॉक बहुधा न धुतलेला असतो. पाच किलोचा ब्लॉक फुगून साधारण 70 लिटर होतो, म्हणजे 25 ट्रे निघतात. एका ब्लॉकची धुलाई नीट केली की 25 ट्रेची काळजी मिटते.

ब्लॉक मोठ्या टबात 25 लिटर पाण्यात फुगवा. फुगला की बारदानात किंवा जाळीच्या पिशवीत भरा, भरपूर स्वच्छ पाण्यातून काढा आणि निथळू द्या. असे तीन वेळा करा. पहिले पाणी गडद चहाच्या रंगाचे निघेल. रंग फिका झाला म्हणजे क्षार गेले असे मात्र नाही, रंग आणि क्षार या वेगळ्या गोष्टी आहेत. खरी खात्री मीटरने करावी. एक वाटी ओले कोकोपीट आणि दीड वाटी शुद्ध पाणी (आरओचे गाळलेले किंवा बॅटरीचे) एकत्र करून अर्धा तास ठेवा, गाळा आणि त्यात ईसी मीटर (विजेच्या वहनावरून पाण्यातले क्षार मोजणारे यंत्र) बुडवा. 0.5 (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) किंवा कमी आले तर माध्यम तयार. 1 च्या वर आले तर पुन्हा धुवा. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारे) असेल तर 0.5 ईसीला बहुतेक मीटरवर 250 च्या आसपास आकडा दिसतो.

नुसत्या पाण्याने सुटे क्षार जातात, कोकोपीटच्या कणांना धरून बसलेले सोडियम जात नाही. ते पुढे हळूहळू सुटते आणि बदल्यात कण पाण्यातले कॅल्शियम पकडून ठेवतात. आठ दिवसांच्या मुळ्याला याने फरक पडत नाही. बीट-कोथिंबिरीसारख्या लांब पिकांसाठी मात्र शेवटच्या धुलाईआधी 20 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात हे माध्यम एक दिवस भिजवावे आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन घ्यावे. कॅल्शियमने सोडियमची जागा घेतली की माध्यम स्थिर होते.

आता पाणी. मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि तिथल्या अनेक बोअरच्या पाण्यातही क्षार आहेत. पाण्याची ईसी 0.75 च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. 1 च्या पुढे गेली तर मायक्रोग्रीन्सना ते पाणी देऊ नये. ट्रेमध्ये निचरा थोडा आणि बाष्पीभवन भरपूर, त्यामुळे प्रत्येक पाण्यागणिक क्षार साचत जातात. पृष्ठभागावर आणि ट्रेच्या कडेला पांढरा थर दिसला तर ती याचीच खूण. पावसाळ्यात छपराचे पाणी साठवता आले तर याहून चांगले पाणी नाही. आणि एक कळकळीची सूचना: घरच्या आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी बचत म्हणून ट्रेला घालू नका. काढून टाकलेले क्षार त्याच पाण्यात असतात.

पाणी बदलल्यावरही ठिगळे राहिली तर बी तपासा. ओल्या कागदावर 100 दाणे ठेवा. 90 पेक्षा कमी उगवले तर बी बदला.

साखर कारखान्याची मळी (रस गाळताना उरणारा गाळ, प्रेसमड) आणि उसाचे चिपाड आमच्याकडे जवळजवळ फुकट मिळते. कोकोपीटऐवजी वापरता येईल का? (वाळवा तालुका)

ताजे असेल तर दोन्ही नको. चिपाडात पिळून उरलेली साखर दोन-तीन टक्के असते. ओले झाले की ते आंबते, गरम होते आणि दोन दिवसांत बुरशीने भरते. साखर संपल्यावर दुसरी अडचण येते. चिपाडात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडे. ते कुजवणारे जिवाणू माध्यमातले नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोपे पिवळी पडतात.

तरी हा माल आपल्या भागाचा आहे आणि त्यावर मेहनत घेणे योग्यच आहे. चिपाड एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे होतील इतके बारीक करा. शंभर किलो चिपाडाला दहा किलो कुजलेले शेणखत आणि एक किलो युरिया पाण्यात विरघळवून घाला, ओल साधारण 60 टक्के ठेवा आणि ढीग ताडपत्रीने झाका. मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून जेमतेम एक-दोन थेंब निघावेत इतकी ती ओल. दर दहा-बारा दिवसांनी ढीग वरखाली करा. आतले तापमान चढून पुन्हा खोलीइतके उतरले, वास मातीसारखा आला आणि तंतू हाताने सहज तुटू लागले की झाले. याला अडीच ते तीन महिने लागतात. चाळणीने चाळून हे कोकोपीटमध्ये निम्म्यापर्यंत मिसळता येते. पूर्ण ट्रे त्याचा भरू नये, कारण ते कोकोपीटइतके पाणी धरत नाही आणि कडेने लवकर सुकते.

मळीचे प्रमाण अगदीच कमी ठेवा. ती अन्नद्रव्यांनी समृद्ध असते, पण मेणचट, क्षारयुक्त आणि कुजताना खूप तापणारी असते. तीन महिने कुजवलेली, वाळवून चाळलेली मळी एकूण माध्यमाच्या दहा टक्क्यांपर्यंत, तीही फक्त लांब मुदतीच्या पिकांना. माध्यम तयार झाले का हे बघायला सोपी चाचणी अळिवाची. एका वाटीत नवे मिश्रण, दुसरीत धुतलेले कोकोपीट, दोन्हींत अळिवाचे पन्नास दाणे. चौथ्या दिवशी मिश्रणातली उगवण दुसरीच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी असली किंवा मुळांची टोके तपकिरी दिसली, तर ढीग आणखी महिनाभर ठेवा.

पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी ट्रेवर पांढरा कापूस दिसतो आणि पुढे रोपे झोपतात. माध्यम बदलू का? (पाटण)

आधी तो कापूस कशाचा आहे ते बघा. मुळा आणि मोहरीच्या मुळांना पांढरे, बारीक मूळकेस येतात. ते मुळाभोवती सगळीकडे सारखे, ब्रशसारखे दिसतात आणि पाण्याचा फवारा मारला की क्षणात दिसेनासे होतात. बुरशी फवाऱ्यानंतरही राहते, एका रोपावरून दुसऱ्यावर जाळ्यासारखी पसरते आणि तिला कुबट वास येतो. मूळकेस पाहून घाबरून ट्रे फेकल्याचे अनेकांनी कळवले आहे, म्हणून हे आधी सांगितले.

रोपे झोपत असतील तर ती मर आहे. बुडाशी खोड पाणचट होऊन चिमटल्यासारखे दिसेल. पाटण-जावळीच्या पावसात खोलीतली हवाच ओलीने भरलेली असते, ट्रेतले पाणी उडतच नाही. तिथे उन्हाळ्यातले माध्यम आणि उन्हाळ्यातले बीचे प्रमाण चालणार नाही. कोकोपीटचे तीन भाग आणि जाड परलाइटचा (तापवून फुगवलेले हलके, पांढरे खनिज) एक भाग घ्या, थर दीड सेंटिमीटरच ठेवा. परलाइट महाग वाटत असेल तर तुमच्या भागात भाताचे तूस आहे. नुसते तूस पाणी धरत नाही आणि त्यात राहिलेले भाताचे दाणे उगवतात किंवा बुरसटतात. तूस भाजून, काळे झाले की पाणी मारून विझवा. पांढरी राख होऊ देऊ नका. भाजलेल्या तुसाचा सामू 8 च्या पुढे असतो, म्हणून दोन वेळा धुऊन घ्या आणि माध्यमाच्या पाचव्या हिश्श्यापुरतेच मिसळा. गांडूळ खत पावसाळाभर बंद ठेवलेले बरे.

बीचे प्रमाण पाचव्या हिश्श्याने कमी करा: मुळा 30 वरून 24 ग्रॅम, मेथी 40 वरून 32 ग्रॅम, मोहरी 14 वरून 11 ग्रॅम. मेथी दाट पडली की हमखास सडते. पेरल्यावर एकदा वरून फवारा द्या, अंकुर रुजले की पुढचे सगळे पाणी खालून द्या. खालच्या बिनछिद्राच्या ट्रेमध्ये 300 मिलिलिटर पाणी ओता, वीस मिनिटांनी उरलेले ओतून टाका. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा, जड लागला तर त्या दिवशी पाणी नाही. छोटा पंखा ट्रेच्या उंचीवरून, थेट अंगावर न घेता, दिवसभर चालू ठेवा.

मर लागलेल्या ट्रेवर बुरशीनाशक मारू नका. हे पीक दोन-चार दिवसांत कच्चे खाल्ले जाणार असते. ट्रे बाहेर न्या, माध्यम टाकून द्या, ट्रे साबणाने घासून ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवा आणि उन्हात वाळवा.

कोकोपीट टाळून टिश्यू पेपर किंवा गोणपाटावर घ्यायचे आहे. मोहरी जमली, पण कोथिंबीर आणि माठ अजिबात जमत नाहीत. (विटा)

जमणारही नाहीत. कागद किंवा गोणपाट बीला फक्त खालून ओल देते. धन्याला चारही बाजूंनी ओल, वर पाऊण सेंटिमीटर माध्यमाचे आच्छादन आणि अंधार लागतो, उगवायलाच सात-आठ दिवस जातात. तोवर कागद कितीदा सुकतो. धने हलके भरडून दोन फाकी करा, दहा तास भिजवा आणि चाळलेल्या कोकोपीटमध्येच पेरा. माठाची अडचण वेगळी. बी इतके बारीक की गोणपाटाच्या विणीत खाली जाऊन बुडते. त्याला तीन मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेले कोकोपीट, सपाट दाबलेले, आणि वर काहीच आच्छादन नको. ट्रेला 8 ते 10 ग्रॅम बी पुरे.

गोणपाटावर सर्वांत सुरेख येतो तो अळीव. भिजले की बीभोवती बुळबुळीत थर येतो, त्यानेच दाणा विणीला चिकटून बसतो आणि स्वतःची ओल धरतो. म्हणूनच अळीव आणि सब्जा आधी भिजवू नयेत, कोरडेच टाकावेत. भिजवले की गोळा होतो आणि पसरता येत नाही. मोहरी, मुळा, नवलकोल हेही चालतात.

गोणपाट कुठलेही घेऊ नका. धान्याच्या जुन्या पोत्यांना कीटकनाशकाची धुरी किंवा तेलाचा अंश असू शकतो. नवा, न रंगवलेला तागाचा कपडा आणा, अर्धा तास उकळा, दोन पदरी घाला. विट्याकडची हवा कोरडी आहे, चटईला दिवसातून तीनदा पाणी द्यावे लागेल हे धरून चाला. टिश्यू पेपर एका पेल्याच्या हौसेला ठीक, विक्रीसाठी नाही.

वाळूवरही हे पीक येते. मुंबईत जुड्या करून मिळणारी बारीक समुद्रमेथी समुद्रकाठच्या वाळूतच वाढवतात. ती मुळासकट उपटून विकली जाते आणि घरी चार पाण्यांतून धुतली जाते. कापून, न धुता डब्यात भरायच्या मायक्रोग्रीन्सना वाळू सोयीची नाही.

हॉटेलवाले म्हणतात पानांत कचकच लागते आणि माल दोन दिवसांत सडतो. (फलटण)

कचकच येते ती वरून मारलेल्या फवाऱ्याने उडालेल्या खताच्या कणांमुळे किंवा फार खाली कापल्यामुळे. खत घालायचेच असेल तर ते खालच्या थरात घाला आणि वर अर्धा सेंटिमीटर नुसते कोकोपीट पसरा. अंकुर उभे राहिल्यावर वरून पाणी बंद. कापताना माध्यमापासून दीड सेंटिमीटर वर कात्री चालवा. यात दहा-बारा ग्रॅम वजन जाते, ते जाऊ द्यावे.

सडण्याचे कारण बहुधा पानांवरचे पाणी. कापणीआधी बारा तास पाणी देऊ नका, सकाळी ऊन चढायच्या आत कापा, धुऊ नका, कोरडेच भरा आणि लगेच 4 अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवा. डब्यात तळाशी एक कोरडा टिश्यू घाला. एवढे पाळले तर मुळा-मोहरी आठवडाभर टिकायला हरकत नाही. आणि कच्चे खायच्या पिकाला ताजे शेण, शेणकाला, जीवामृत यांतले काहीही घालू नका. जमिनीतल्या पिकाला त्यांचा उपयोग वेगळा, इथे पान मातीपासून दोन इंचांवर असते आणि ते न शिजवता तोंडात जाते.

कुठले माध्यम चांगले हे आपल्याच खोलीत तपासायचे तर कसे? (जत)

हा प्रश्न आला याचा आनंद झाला, कारण जतची कोरडी हवा आणि पाटणची ओली हवा यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

एकच पीक घ्या, मुळा सर्वांत सोयीचा. तीन माध्यमे, प्रत्येकाचे तीन ट्रे. एकेकच ट्रे घेतला तर खिडकीजवळचा ट्रे जिंकतो, माध्यम नव्हे. बी एकाच पिशवीतले आणि मोजून 30 ग्रॅम. माध्यम वजनाने न मोजता आकारमानाने मोजा: प्रत्येकी अडीच लिटर. पहिले तीन दिवस अंधार आणि वर सारखे वजन, नंतर उजेड. ट्रेच्या जागा रोज बदला. पाणी मात्र सगळ्यांना सारखे देऊ नका. प्रत्येकाला गरजेप्रमाणे द्या आणि किती दिले ते लिहून ठेवा. सारखे पाणी दिले तर जे माध्यम त्या मापाला जुळते तेच चांगले दिसेल.

नवव्या दिवशी सगळे ट्रे एकाच वेळी, एकाच उंचीवर कापा आणि वजन घ्या. मग प्रत्येक ट्रेमधले 100 ग्रॅम बाजूला काढून, पातळ पसरून, 60 ते 70 अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा ड्रायरमध्ये वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवा. पाच ते आठ ग्रॅम उरतील. एका माध्यमाचे ओले वजन जास्त आणि सुके कमी आले, तर तिथे तुम्ही जास्तीचे पाणी पिकवले. शेवटी प्रत्येकी 50 ग्रॅम डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि कितव्या दिवशी पहिले पान काळे पडले ते लिहा. ओले वजन, सुके वजन, टिकाऊपणा आणि ट्रेमागे माध्यमाचा खर्च हे चार आकडे समोर आले की निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. जतला उन्हाळ्यात तीन सेंटिमीटरचे नुसते कोकोपीट पुढे येईल असा आमचा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय तो मानू नका.

कापणीनंतर उरलेले कोकोपीट पुन्हा वापरावे का? (वाई)

पुन्हा मायक्रोग्रीन्ससाठी थेट वापरू नका. त्यात मुळांचे दाट जाळे असते, ते कुजताना मरीच्या बुरशीला खाद्य मिळते आणि दुसरे पीक हमखास विरळ येते. ट्रे उलटा करून गादी फोडा, थोडे शेणखत घालून दीड-दोन महिने कुजवा आणि कुंड्यांना किंवा परसबागेला घाला.

मार्केटमधले मुळ्याचे बी गुलाबी रंगाचे मिळते, ते धुऊन चालेल का? (कोरेगाव)

नाही. तो रंग बुरशीनाशकाच्या लेपाची खूण आहे आणि धुऊन तो पूर्ण जात नाही. शेतात त्या बीचा मुळा दीड महिन्याने काढतात, इथे आठ दिवसांत बीची दलेच (बीतून निघणारी पहिली पाने) खायची असतात. मायक्रोग्रीन्ससाठी प्रक्रिया न केलेले बी असे लिहिलेलेच घ्या. मोहरी, मेथी, धने, अळीव किराणा दुकानातलेही चालतात, फक्त उगवण आधी तपासून घ्यावी.

गच्चीवर सुरुवात केली आहे, शेजारी द्राक्षबाग आहे. काही काळजी? (तासगाव)

ट्रे गच्चीवर ठेवू नका. बागेवर ब्लोअरने मारलेली औषधे वाऱ्यावर लांबवर येतात आणि त्यांचा काढणीपूर्व काळ (फवारणी आणि काढणी यांतले अंतर) द्राक्षासाठी ठरवलेला असतो, नऊ दिवसांच्या पिकासाठी नाही. कोकोपीट उघड्यावर वाळत घातले असेल तर तेही हे सगळे शोषून घेते. ट्रे, माध्यम आणि पाण्याची टाकी तिन्ही घरात किंवा बंद शेडमध्ये हलवा. खिडकीला उजेड कमी पडत असेल तर ट्रेवर नऊ-दहा इंचांवर 20 वॉटची पांढरी एलईडी नळी दिवसाचे 14 तास लावा.